शिंपल्याचं रक्त कोण तपासणार?

पुण्यात नदीवर सभा भरली की तासाभरात बोलणं कॅन्सरवर येतं. मुठेकाठच्या एखाद्या सोसायटीतले गृहस्थ उठतात, आपल्या इमारतीत किती जणांना झाला ते सांगतात, ‘हे सगळं या पाण्यानं केलंय’ म्हणतात आणि सभागृह माना डोलावतं. समोर बसलेले पालिकेचे अभियंते तोवर फायलीतून बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्याचा, तक्ता काढून तयार असतात. तक्ता वाचला जातो, दोन-चार जण आवाज चढवतात, चहा येतो. पाण्यात राहणाऱ्या एखाद्या जिवाच्या शरीरात प्रत्यक्ष काय चाललंय हे मात्र या बाजूनंही पाहिलेलं नसतं आणि त्या बाजूनंही. माझं आयुष्य प्राणिशास्त्र शिकवण्यात गेलं. या सभांना मी नदीच्या बाजूनं बसतो. तरी माझी तक्रार दोघांबद्दल आहे.

नदी असो की खाडी, तिच्या तब्येतीचा निकाल नुसत्या पाण्याच्या आकड्यांवर किंवा नुसत्या धास्तीवर लावणं आता पुरे. तिच्यात राहणाऱ्या जिवांच्या, त्यातही चिखलात रुतून बसणाऱ्या शिंपल्यांच्या, रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला हवी. ती सार्वजनिक पैशातून ठेवायला हवी आणि महाराष्ट्रात हे काम पुण्यानं अंगावर घ्यायला हवं. हा हट्ट चमत्कारिक वाटेल. पण शिंपल्यांना रक्ताचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण शोधताना मोठमोठे शास्त्रज्ञ कित्येक दशकं कसे चकले, हे पाहिलं तर तितका चमत्कारिक वाटणार नाही.

अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, माया अरेनारिया नावाचा मऊ कवचाचा शिंपला सापडतो. तिकडचे लोक तो वाफवून चवीनं खातात. शिंपल्याचं रक्त आपल्यासारखं लाल नसतं. ते जवळजवळ पाण्यासारखं असतं, बंद नळ्यांतून न फिरता शरीराच्या पोकळ्यांतून झुळझुळतं आणि त्यात संरक्षणाचं काम करणाऱ्या पेशी तरंगत असतात. १९७०च्या दशकापासून या शिंपल्यांत एक विचित्र आजार दिसू लागला. कालवांमध्ये असाच प्रकार त्याआधी, १९६९च्या सुमारास नोंदला गेला होता. आजारी जनावराचं रक्त गढूळ होत होत दुधासारखं दिसे. कारण त्यात एकाच जातीच्या विकृत पेशींची बेसुमार गर्दी झालेली असे. काही शिंपले बरे होत. बरेचसे मरत. कुठे कुठे तर सगळा चिखलपट्टाच रिकामा होई.

कारण काय? तो काळ प्रदूषणाच्या जाणिवेचा होता. बंदरांत तेल सांडत होतं. मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्डचं बंदर पीसीबी या रसायनांनी बरबटलेलं होतं आणि तिथल्या शिंपल्यांत हा आजार होता. दोनात दोन मिळवले की उत्तर चार, असं सगळ्यांना वाटलं. पण स्वच्छ पाण्यातही आजारी शिंपले सापडत आणि घाणेरड्या पाण्यातही निरोगी सापडत, तेव्हा हिशेब बिनसला. मग दुसरा संशय विषाणूवर गेला. आजारी शिंपल्यांच्या रक्तात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराची (एन्झाइमची) हालचाल दिसत होती, आणि ती एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूंची खूण मानली जाते. म्हणून कॅरल रायनिश यांच्यासारख्या, या शिंपल्यांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या संशोधकांनी कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीफन गॉफ यांच्या प्रयोगशाळेला हाताशी धरलं. गॉफ मूळचे विषाणूंचे अभ्यासक.

विषाणू सापडला नाही. सापडला तो जनुकसाखळीत उड्या मारत स्वतःच्या प्रती वाढवणारा एक तुकडा. त्याचं नाव ठेवलं ‘स्टीमर’. निरोगी शिंपल्यात त्याच्या २ ते १० प्रती असतात, कर्करोगी पेशीत शंभराहून जास्त. हे २०१४ सालचं. पुढच्या वर्षी मायकेल मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी हा तुकडा पेशींमध्ये नेमका कुठे कुठे घुसलाय ते तपासलं तेव्हा सगळा प्रकार उलटाच निघाला. न्यूयॉर्कपासून कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत, शेकडो किलोमीटर अंतरावरच्या आजारी शिंपल्यांत, तो त्याच त्याच जागी बसलेला होता. कर्करोगी पेशींचा डीएनए ज्या शिंपल्याच्या शरीरात त्या वाढत होत्या त्याच्याशी जुळतच नव्हता, आणि आपापसात मात्र जवळजवळ तंतोतंत जुळत होता. म्हणजे या शिंपल्यांना स्वतःचा कर्करोग झालेलाच नव्हता. कधी काळी कुठल्या तरी एका शिंपल्यात जन्मलेली कर्करोगी पेशी तो शिंपला मेल्यावरही मेली नाही. ती पाण्यातून दुसऱ्यात शिरली, तिथून तिसऱ्यात, आणि आजही शिरते आहे. रोगजंतू कोणता म्हणून शोधत होते, तो जंतू म्हणजे खुद्द कर्करोगच.

शिंपल्याची राहणी अशा पाहुण्याला सोयीचीच आहे. तो दिवसभर पाणी आत ओढतो, गाळतो, खायचं ते ठेवतो, बाकीचं बाहेर टाकतो. शेजाऱ्यानं सोडलेलं पाणी तोच पितो. शिवाय आपल्या शरीरात ‘हा माझा, हा परका’ ओळखायची जी ऊतक-जुळणीची यंत्रणा असते, जिच्यामुळे मूत्रपिंड बदलताना डॉक्टरांच्या नाकी नऊ येतात, तशी यंत्रणा या प्राण्यांत नाही. आणि या पेशी समुद्राच्या थंड पाण्यात कित्येक आठवडे जिवंत राहू शकतात, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं.

२०१६ साली कळलं की हे प्रकरण एका जातीपुरतं नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निळ्या शिंपल्यांत, स्पेनच्या कॉकल शिंपल्यांत अशाच संसर्गी पेशी निघाल्या. स्पेनमधल्याच एका जातीतला कर्करोग तर मुळात दुसऱ्याच जातीचा होता, आणि ज्या जातीत तो जन्मला ती जात आज ठणठणीत आहे. २०१९ साली आणखी मोठा धक्का बसला. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या शिंपल्यांतला कर्करोग आणि चिली-अर्जेंटिनाच्या शिंपल्यांतला कर्करोग एकाच वंशाचा निघाला, आणि त्याचं मूळ उत्तरेकडच्या तिसऱ्याच जातीत होतं. शिंपला अटलांटिक पोहून जात नाही. जहाजाच्या बुडाला चिकटून मात्र जातो. २०२३ साली माया शिंपल्यातल्या पेशींचं वय काढलं गेलं, ते निदान २०० वर्षं भरलं. इकडे पेशवाई बुडत होती त्या सुमारास जन्मलेल्या एका शिंपल्याच्या पेशी अजून वाढताहेत.

कर्करोग असा एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे ऐकून पुणेकर दचकतील, पण त्याचं एक उदाहरण आपल्या गल्लीत फिरत असतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियांवर गाठ येते, तिला पशुवैद्य नुसतं ‘टीव्हीटी’ म्हणतात. समागमातून एका कुत्र्याची कर्करोगी पेशी दुसऱ्याकडे जाते. ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा सगळा पसारा ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात जगलेल्या एकाच कुत्र्याचा आहे. बरं, या गाठीवर इलाजही सोपा आहे: व्हिंक्रिस्टीनची काही इंजेक्शनं. हे औषध सदाफुलीतून मिळतं, तीच जी पुण्यातल्या निम्म्या बाल्कन्यांत पाणी न घालताही फुललेली असते. टास्मानियातल्या डेव्हिल या प्राण्याच्या तोंडावरचा कर्करोगही चावण्यातून पसरणारा आहे. तो १९९६ साली पहिल्यांदा दिसला आणि त्यानं त्या जातीची वाताहत केली. निसर्गात हा प्रकार दुर्मीळ खरा, पण अशक्य नाही. पाण्यात तर तो जमिनीवरच्यापेक्षा जास्त वेळा सापडलाय.

आपल्याकडे खायच्या शिंपल्यांना तिसऱ्या म्हणतात. आता लगेच कोणीतरी मोबाईल उचलून ‘तिसऱ्या खाऊ नका, कॅन्सर होतो’ असा मजकूर पुढे ढकलेल, म्हणून हे इथेच सांगून टाकतो. या पेशी माणसाला लागत नाहीत. शिंपल्यांतसुद्धा त्या जवळच्या नात्यातल्या जातींपलीकडे फारशा जात नाहीत. आपल्या शरीराच्या उबेत, आपल्या प्रतिकारशक्तीपुढे त्यांचा टिकाव लागणं शक्य नाही, आणि उकळत्या कालवणात तर नाहीच नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो या आवईनं महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं. तिसऱ्या विकणाऱ्या बायकांच्या पदरी तेवढंही भांडवल नसतं. तिसऱ्यांपासून खरी भीती वेगळी आणि जुनीच आहे: सांडपाणी येऊन मिळणाऱ्या खाडीतला शिंपला काविळीचा विषाणू आणि पोट बिघडवणारे जिवाणू आपल्यात साठवतो, आणि तो अर्धाकच्चा खाल्ला तर ते आपल्याकडे येतात.

गणेश पेठेच्या मासळी बाजारात तिसऱ्यांचे वाटे मांडलेले असतात. चोखंदळ गिऱ्हाईक उघडं तोंड पडलेली तिसरी बाजूला टाकतं. टिचकी मारून मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकायची. घरी आणल्या की पाण्यात ठेवून रेती सुटू द्यायची, मग विळीवर एकेक उघडायची. उघडताना जे पातळ, किंचित करडं पाणी ताटलीत गळतं ते जाणत्या घरात कोणी ओतून देत नाही, गाळून एकशिपीत घालतात. कालवणाला जी खारट गोडी येते ती त्याचीच. त्या पाण्यात समुद्राच्या पाण्याबरोबर शिंपल्याचं रक्तही मिसळलेलं असतं. पिढ्यान् पिढ्या आपण ते चाखतोय, आणि त्याचा एक थेंब काचेवर घेऊन बघावा हे मात्र आपल्याकडे क्वचितच कोणाला सुचलं.

बघायला काय लागतं? जिवंत शिंपल्याची शिंप किंचित किलकिली करायची, ती मिटून धरणाऱ्या स्नायूत बारीक सुई घालायची आणि थेंबभर रक्त ओढायचं. काचेवर टाकून थोडा वेळ थांबायचं. निरोगी पेशी काचेला चिकटतात, पाय पसरतात, वेड्यावाकड्या होतात. कर्करोगी पेशी चिकटत नाहीत. त्या गोल राहतात, टपोऱ्या, साबुदाण्यासारख्या, आणि केंद्रक पेशीच्या मानानं फार मोठं असतं. पक्कं निदान करायला पुढे डीएनए तपासावा लागतो, पण संशय घ्यायला कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. शिंपला परत पाण्यात सोडला तर जगतो. यूजीसीनं प्राण्यांची विच्छेदनं बंद केल्यापासून आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत मुलं बहुतेक वेळ पडद्यावरची चित्रं बघत असतात. त्यांच्या हाताला हे खरं काम देता येईल.

माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट मला आता सांगायची आहे. शिंपल्यांच्या कर्करोगाचं खापर प्रदूषणावर फोडणारे लोक मूर्ख नव्हते, लबाडही नव्हते. पाणी घाण होतंच. पण घाण पाणी आणि आजार शेजारी शेजारी दिसले म्हणून एकानं दुसरं घडवलं असं धरून चालल्यानं खरं कारण कित्येक वर्षं दृष्टीआड राहिलं. आपल्या सभांतही तेच होतं. मुठेनं अमक्या इमारतीत कॅन्सर आणला असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, आकडे कुठले? माणसांच्या बाबतीत ते मिळू शकतात. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदवही चालू आहे आणि पुण्यातल्या रुग्णांचीही तशी नोंद होते. ती उघडा, वॉर्डनिहाय बघा, मग बोला. नदीत मैला सोडू नये हे पटवायला कॅन्सरची गरजच नाही. पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, जलपर्णी माजते, आणि हा सगळा ऐवज भीमेतून उजनीच्या पोटात जातो, एवढं पुरेसं आहे. न सिद्ध झालेल्या आरोपावर लढणाऱ्याला समोरचा वकील पहिल्याच तारखेला आडवा करतो, आणि मग सिद्ध झालेले आरोपही त्याच्याबरोबर निकालात निघतात.

याचा अर्थ प्रदूषण निर्दोष सुटलं असा पालिकेनं घेऊ नये. संसर्गी पेशी एकदा पाण्यात आली की कोणता शिंपला तिला बळी पडेल आणि कोणता तगेल, यात उष्णता, ऑक्सिजन, विषारी रसायनं यांचा वाटा किती, हा प्रश्न उघडाच आहे. तो पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवल्यानं सुटणार नाही. बीओडी हा त्या दिवशीच्या, त्या घटकेच्या पाण्याचा आकडा. परवा पाऊस पडला की तो बदलतो. शिंपला मात्र महिनोन्‌महिने एकाच जागी बसून ते पाणी अंगातून जाऊ देत असतो. २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून ९९० कोटींचा नदी प्रकल्प मंजूर झाला, ११ सांडपाणी प्रकल्पांची योजना आली, ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करायचा घाट घातला गेला. एवढ्या सगळ्या कोटींत, ‘काम झाल्यावर नदीतले शिंपले परत आले का आणि ते धडधाकट आहेत का’ हे कोणी बघेल अशी एक ओळ घालायला काय हरकत होती?

शिंपले परत यायला ते आधी होते हे माहीत हवं. इथे पुण्याची पुण्याई आहे. फ्रेझर नावाच्या गृहस्थांनी १९४२ साली पुण्यातल्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. मुळा-मुठेतून कोणते मासे नाहीसे झाले हे आज आपल्याला सांगता येतं ते त्या यादीच्या जोरावर. टोणपी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ साली पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांची अशीच नोंद केली. कोणत्याही आंदोलनासाठी हे काम झालं नव्हतं. कुठल्याशा अहवालात भर घालायलाही नव्हतं. माणसं नुसती नदीवर गेली, वाकून पाहिलं आणि लिहून ठेवलं. अमेरिकेतलं कोडं सुटलं तेही जनुकांच्या यंत्रांमुळे जितकं, तितकंच वर्षानुवर्षं कोणाच्या तरी पगारातून शिंपल्यांची रक्तं काचेवर घेतली गेली म्हणून. लांब लांबच्या किनाऱ्यांवरचे नमुने जमवायचा शिरस्ता नसता, तर ते एकमेकांशी जुळतात हे कळलंच नसतं.

‘पुण्याला समुद्र कुठे आहे?’ हा आक्षेप ठरलेला आहे. संसर्गी कर्करोगाच्या आजवर सिद्ध झालेल्या नोंदी खाऱ्या पाण्यातल्या, त्याही बहुतेक थंड मुलखातल्या, हे खरंच आहे. पण समुद्र नसलेल्या याच गावात, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, देशातल्या बंदरांच्या लाटा आणि गाळ यांचा अभ्यास होतो. १९१६ पासून ती संस्था आहे. बंदराची भिंत कुठे बांधावी हे पुण्यात ठरवता येतं, तर त्या भिंतीखालच्या शिंपल्याला काय झालं हेही पुण्यात बघता येईल. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, जिथे देशभराच्या प्राणीपेशी जपून ठेवल्या जातात. पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. कोरोनाच्या दिवसांत पुणे नॉलेज क्लस्टर या इथल्या संस्थांच्या गटानं सांडपाण्यातून विषाणूचे अंश हुडकून दाखवले. शिंपल्यांच्या कर्करोगाचा डीएनएही पाण्यातून असाच हुडकता येतो. हात आणि यंत्रं तयार आहेत. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांनी भाट्याच्या खाडीतून, काळबादेवीतून नमुने घ्यावेत, काचा तिथेच कराव्यात आणि संशयित नमुने पुण्याला पाठवावेत. दोन संस्थांत पत्रव्यवहार सुरू करायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. पुण्यात चर्चासत्रांना कधीच तोटा नव्हता, त्यातलं एक या कामाला दिलं तरी सुरुवात होईल.

घाई करायला कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, सुमारे ७६,००० कोटींचं काम. बंदर व्हावं की नाही यावर इथे बोलत नाही, त्यावर किनाऱ्यावरच्या लोकांनी पुरेसं बोलून ठेवलंय. पण मोठी जहाजं जगभरचं पाणी आणि जगभरचे चिकटलेले जीव घेऊन येतात. परदेशातून आलेला काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला आपल्या बंदरांत केव्हाच ठाण मांडून बसलाय. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून परके जीव कसे पसरतात हे पाहण्यासाठी २०००च्या सुमारास जगातल्या सहा बंदरांत जो प्रायोगिक कार्यक्रम झाला, त्यात मुंबई होती. म्हणजे धोका आपल्याला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या शिंपल्यांत एकाच वंशाचा कर्करोग निघाला, त्यासाठी संशोधकांनी बोट जहाजवाहतुकीकडेच रोखलंय. उद्या डहाणूच्या किंवा रत्नागिरीच्या खाडीत तिसऱ्या मरायला लागल्या, तर बंदराआधी त्या कशा होत्या हे कोणाला सांगता येईल? बंदरवाले म्हणतील आधीपासूनच मरत होत्या, कोळी म्हणतील बंदरानं मारल्या. पुन्हा तीच सभा, तोच तक्ता, तोच चहा.

‘ससूनमध्ये माणसांना खाट मिळत नाही आणि तुम्ही शिंपल्यांचं रक्त कसलं तपासता’ असंही कोणी म्हणेल. हा टोमणा नाही, रास्त प्रश्न आहे. पण सुया, काचा, रंगद्रव्यं आणि दोन-तीन शिकलेल्या माणसांचे पगार यातून रुग्णालयाची खाट वाढत नसते आणि ते थांबवल्यानं वाचतही नसते. शिवाय शिंपल्याच्या कर्करोगी पेशीत पी-५३ हे प्रथिन, जे माणसातही पेशीला बेबंद वाढू देत नाही, केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं, हे माया शिंपल्यांतच दिसलं. माणसांच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांना त्यात रस वाटला तो उगाच नाही. अर्थात, मी त्या फायद्याचं आमिष पुढे करणार नाही. शिंपले तपासल्यानं उद्या पुण्यात औषध निघेल असं सांगून अनुदान मागणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सरकारी यंत्रणेतली एक फट मात्र बुजवायलाच हवी. जागतिक पशुआरोग्य संघटनेची रोगांची यादी असते. तिच्यात शिंपल्यांचे बोनामिया, मार्टेलिया, पर्किन्सस असे परजीवी आहेत, आणि ते आढळले की देशाला कळवावं लागतं. पर्किन्सस भारतातल्या मोत्याच्या कालवांत सापडलेलाही आहे. संसर्गी कर्करोग त्या यादीत नाही. यादीत नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून यादीत घ्यायला कारण नाही. हे चक्र वरून कोणी तोडेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यानं आपल्या खाड्यांपुरती स्वतःची यादी करावी. केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या धंद्याला २०१४ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. ते मिळालं कारण किती काढायचं, केव्हा थांबायचं याचा हिशेब संशोधक आणि काढणारे लोक मिळून ठेवत होते. आपल्या कोकणाला हे जमणार नाही असं मानायचं काही कारण नाही.

आणि हिशेब ठेवायचा तर तो काढणाऱ्या बायकांना वगळून ठेवता येणार नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलात वाकून, पायाच्या बोटांनी चाचपत तिसऱ्या काढणाऱ्या बाईला कुठला पट्टा यंदा रिकामा निघाला, कुठे शिंपा उघडी तोंडं घेऊन पडल्यात हे सगळ्यात आधी कळतं. तिनं नमुना आणून दिला तर त्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे तिला रोख द्यावेत. तपासणीचं जे काही निघेल, ते वर्तमानपत्रात छापून येण्याआधी तिला मराठीत समजावून सांगावं. खायला धोका नाही हे त्यातलं पहिलं वाक्य असावं, कारण बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी बाजारात तिचाच वाटा पडून राहणार आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत काचेवर काहीच वावगं दिसलं नाही, असंही होईल. मग तारीख, खाडी, पाण्याचं तापमान आणि ‘पेशी निरोगी’ एवढं लिहून ते पान जपून ठेवावं. वाढवणचं पहिलं जहाज लागेल तेव्हा ते लागेल.